फ्रँकेनस्टाईन म्हणजे भस्मासूर नव्हे: आरंभीच्या विज्ञानकथेत पुराणकथा काय करते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आरंभीच्या विज्ञानकथा म्हणजे जुन्या पुराणकथाच का, देवाच्या जागी शास्त्रज्ञ आणि वरदानाच्या जागी यंत्र बसवलेल्या? सोबत उदाहरण दिलं आहे की फ्रँकेनस्टाईनचा राक्षस म्हणजे आपलाच भस्मासूर.

उदाहरण आधी घेते, कारण मराठीत ते फार रुळलं आहे. अणुबॉम्ब असो, प्लास्टिक असो की कृत्रिम बुद्धिमत्ता, अग्रलेखात भस्मासूर आला की पाठोपाठ फ्रँकेनस्टाईन येतोच. पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून वाचा. भस्मासूर तप करतो, शंकर प्रसन्न होतात, ज्याच्या डोक्यावर हात ठेवशील तो भस्म होईल असा वर देतात. हा लगेच शंकरांच्याच मागे लागतो. मग विष्णू मोहिनी होऊन त्याला नाचायला लावतात आणि त्याचा हात त्याच्याच डोक्यावर जातो. इथे दोष मागणाऱ्याचा. देणारा फार तर भोळा. मेरी शेलीच्या कादंबरीत व्हिक्टर फ्रँकेनस्टाईन हा तरुण शास्त्रज्ञ एक प्राणी घडवतो, आणि त्या प्राण्याने काहीही मागितलेलं नाही, जन्मसुद्धा नाही. कादंबरीच्या शीर्षकपानावर मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट' या महाकाव्यातल्या ओळी आहेत. त्यांत आदम आपल्या निर्मात्याला विचारतो की, मातीतून मला माणूस घडव असं मी तुला सांगितलं होतं का? भस्मासुराला हा प्रश्न पडूच शकत नाही, कारण त्याने स्वतःच सगळं मागून घेतलेलं असतं.

म्हणून भस्मासूर ही उपमा १९३१च्या चित्रपटाला बऱ्यापैकी लागू पडते, १८१८च्या पुस्तकाला मुळीच नाही. आणि माझ्या मते तुमच्या मोठ्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. आरंभीचे चांगले विज्ञानकथाकार पुराणकथेला नवे कपडे घालत नाहीत. ते तिला कामाला लावतात, ती कुठवर पुरते ते पाहतात, आणि जिथे ती पुरत नाही तिथे त्यांची स्वतःची गोष्ट सुरू होते.

कादंबरीचं पूर्ण नाव 'फ्रँकेनस्टाईन; किंवा आधुनिक प्रोमिथियस'. प्रोमिथियस म्हटलं की आपल्याला देवांचा अग्नी चोरून माणसांना देणारा, म्हणून खडकाला जखडलेला, गरुड ज्याचं यकृत रोज तोडतो तो आठवतो. ती ग्रीक कथा. पण रोमन कवी ओव्हिडच्या लॅटिन काव्यात प्रोमिथियस दुसरंच काम करतो, तो माती आणि पाणी कालवून माणूस घडवतो. एक चोर आणि एक कुंभार. मेरी शेलीच्या काळापर्यंत दोघं एकमेकांत मिसळले होते. त्यातच १७५६ साली जर्मन तत्त्वज्ञ कांटने बेंजामिन फ्रँकलिनला आधुनिक काळाचा प्रोमिथियस म्हटलं होतं, कारण त्याने आकाशातली वीज खाली उतरवली. १८१६च्या उन्हाळ्यात जिनिव्हा सरोवराकाठी कवी बायरन, कवी पर्सी शेली आणि त्याची पुढे पत्नी झालेली मेरी यांचा मुक्काम होता तेव्हा प्रोमिथियस तर घरचाच विषय होता. बायरनने त्याच वर्षी त्याच्यावर कविता लिहिली, पर्सी शेलीचं 'प्रोमिथियस अनबाउंड' १८२०मध्ये आलं. मेरी तेव्हा अठरा वर्षांची होती.

आता पुस्तकात अग्नी शोधा. चित्रपट पाहिलेल्यांना वाटतं की वीज कडाडते आणि प्रेतात प्राण येतो. पुस्तकात तसं काही नाही. नोव्हेंबरची उदास रात्र, खिडकीवर पाऊस, जवळजवळ संपलेली मेणबत्ती, आणि 'जीवनाची ठिणगी' असा एक ओझरता शब्दप्रयोग. कृती व्हिक्टर सांगतच नाही. खरा विस्तव बऱ्याच प्रकरणांनंतर येतो आणि तो सापडतो त्या प्राण्याला. जंगलात भटक्या भिकाऱ्यांनी मागे सोडलेली धुनी त्याला दिसते. ऊब लागते म्हणून तो आनंदाने निखाऱ्यात हात घालतो आणि भाजतो. एकाच कारणातून इतके उलटे परिणाम कसे, असा त्याला प्रश्न पडतो. मग तो निरीक्षण करतो. ओलं लाकूड विस्तवाजवळ ठेवलं तर वाळतं आणि मग जळतं. वारा घातला तर निखारे फुलतात. काही खाणं भाजून चांगलं लागतं, काही बिघडतं.

विद्यार्थ्यांना हे दोन परिच्छेद मी नेहमी मोठ्याने वाचायला लावते. प्रोमिथियसची अख्खी कथा इथे उलटी झाली आहे. अग्नी कुणी दिला नाही, कुणी चोरला नाही, देव कुठे चित्रातच नाही. एका अनाथ जिवाने हात भाजून घेऊन, पाहून, करून पाहून तो शिकून घेतला. पुराणकथेचा सांगाडा तोच, पण ज्ञान येण्याची वाट बदलली. माझ्या दृष्टीने विज्ञानकथा जन्माला येते ती याच पानांवर. व्हिक्टरची प्रयोगशाळा त्या मानाने धूसर आहे.

या अग्नीला एक खासगी बाजूही आहे. मेरीचं पहिलं मूल १८१५ साली काही दिवसांचं असतानाच गेलं. त्यानंतर तिने रोजनिशीत एक स्वप्न नोंदवलं आहे: बाळ मेलं नव्हतं, नुसतं गारठलं होतं, शेकोटीपुढे चोळल्यावर ते पुन्हा जिवंत झालं. यावरून कादंबरीचा 'खरा अर्थ' काढण्याची टीकाकारांना फार हौस असते. मला ती नाही. पण विस्तव आणि जीव यांची जोडी तिच्या मनात केवळ ग्रंथांतून आली नव्हती, एवढं यावरून नक्की कळतं.

पुढे तर त्या प्राण्याला 'पॅरडाइज लॉस्ट'च सापडतं. ते तो इतिहास म्हणून वाचतो, खरं घडलेलं म्हणून, आणि स्वतःची ओळख त्यात शोधू लागतो. मी आदम का? पण आदमाला त्याच्या देवाने सांभाळलं, त्याच्याशी बोलला. मग मी सैतान का? पण सैतानालासुद्धा सोबती होते, मी एकटा आहे. पुराणकथात्मक विचार म्हणजे काय, याचं याहून चांगलं प्रात्यक्षिक मला ठाऊक नाही. आपल्यावर जे ओढवलं आहे त्याला जुन्या कथांतला साचा लावून पाहायचा. इथे एक साचा लावून पाहिला, बसला नाही. दुसरा लावला, तोही बसला नाही. आणि जे उरलं ते नवं आहे: निर्माता आहे, जिवंत आहे, त्याचा पत्ताही ठाऊक आहे, आणि त्याने जन्म देताच पाठ फिरवली आहे. व्हिक्टरचा गुन्हा देवाची बरोबरी करण्याचा असेलही, पण पुस्तकात ज्याची शिक्षा होते तो गुन्हा वेगळा आहे. प्राण्याने डोळे उघडले आणि हा खोलीबाहेर पळाला, तो.

मग 'देवाशी स्पर्धा केली म्हणून नाश झाला' हे तात्पर्य आलं कुठून? बरंचसं रंगभूमीवरून. १८२३ साली लंडनमध्ये रिचर्ड ब्रिन्सली पीकचं नाटक आलं, त्याच्या नावातच 'उद्धटपणा' हा शब्द होता. त्यात प्राणी मुका केला आणि फ्रिट्झ नावाचा नोकर घातला. बोलणारा, मिल्टन वाचणारा, हिशोब मागणारा प्राणी गेला आणि उरला तो राक्षस. मेरीने स्वतः हे नाटक पाहिलं होतं. पुढे १८३१मध्ये तिने कादंबरीची सुधारित आवृत्ती काढली, तेव्हा तिच्याही हातून नियतीची भाषा वाढली. व्हिक्टर आता म्हणतो की नियती फार बलवान होती, तिच्या अटळ नियमांनी माझा नाश ठरवलेलाच होता. प्रस्तावनेतही जगन्निर्मात्याच्या यंत्रणेची नक्कल किती भयंकर, असं वाक्य आलं. थोडक्यात, १८१८च्या पुस्तकाने पुराणकथा उलटवली आणि तेरा वर्षांत पुराणकथेने पुस्तक बरंचसं परत ओढून घेतलं. म्हणून 'विज्ञानकथा पुराणातून निघाली आणि हळूहळू शास्त्रीय होत गेली' अशी सरळ रेघ कुणी काढली की मी सावध होते.

दुसऱ्या बाजूनेही एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या काळचं विज्ञानच पुराणाच्या भाषेत बोलत होतं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ क्लाप्रोथने १७८९ साली एका मूलद्रव्याला युरेनियम आणि १७९५मध्ये दुसऱ्याला टायटॅनियम नाव दिलं. एक युरेनस ग्रहावरून म्हणजे अखेर ग्रीकांच्या आकाशदेवावरून, दुसरं त्याच्या मुलांवरून, टायटनांवरून. कादंबरीत व्हिक्टर शिकतो त्या इंगोल्श्टाट विद्यापीठातले प्राध्यापक वाल्डमन रसायनशास्त्राची थोरवी सांगताना म्हणतात की हे लोक आकाशातल्या गडगडाटाला आज्ञा देऊ शकतात, भूकंपाची नक्कल करू शकतात. हे मेरीने हवेतून घेतलं नाही, तिने हम्फ्री डेव्हीचं रसायनशास्त्र वाचलं होतं आणि डेव्हीचा सूर याहून फार वेगळा नव्हता. व्हिक्टर बिघडतो तो किमयागारांची जुनी पुस्तकं वाचून, असं सांगितलं जातं. खरं तर त्याला शेवटचा धक्का देणारं भाषण आधुनिक प्राध्यापकाचं आहे.

आता दोनशे वर्षं मागे जाऊ, कारण माझ्या मते या प्रश्नावरची सर्वांत गमतीची कृती केप्लरची आहे. होय, ग्रहगतीचे नियम मांडणारा योहान्नेस केप्लर. त्याचं 'सोम्नियम', म्हणजे स्वप्न, त्याच्या मृत्यूनंतर १६३४मध्ये मुलाने छापलं. गोष्ट अशी: आइसलँडमध्ये ड्युराकोटस नावाचा मुलगा आहे. त्याची आई फिओल्क्सहिल्डे जडीबुटीच्या पिशव्या खलाशांना विकते. मुलगा कुतूहलाने एक पिशवी फाडतो, आई संतापून त्यालाच जहाजाच्या कप्तानाच्या हवाली करते, आणि तो पोचतो थेट खगोलशास्त्रज्ञ ट्युको ब्राहेच्या वेधशाळेत. तिथे खगोलशास्त्र शिकून तो परततो, तेव्हा आई सांगते की हे सगळं मला आधीच माहीत आहे, माझ्या ओळखीचे आत्मे आहेत. आणि ती एका आत्म्याला बोलावते, जो चंद्रावर नेऊ शकतो.

इथवर शुद्ध चेटूक. पण या आत्म्याचे नियम ऐका. चंद्र पन्नास हजार जर्मन मैलांवर आहे. आत्म्यांना प्रकाश सोसत नाही, म्हणून प्रवास फक्त ग्रहणात, सावलीच्या वाटेनेच होतो, आणि त्याला जास्तीत जास्त चार तास मिळतात. सुरुवातीचा झटका तोफेतून उडवल्यासारखा बसतो, म्हणून प्रवाशाला आधी गुंगीचं औषध द्यायचं आणि हातपाय असे ठेवायचे की अवयव तुटून विखुरणार नाहीत. वर कडाक्याची थंडी आहे, श्वास घेणं कठीण, म्हणून नाकाला ओले स्पंज लावायचे. लठ्ठ माणसं चालणार नाहीत. जर्मन तर नकोतच, स्पॅनिश चालतील. सर्वांत उत्तम म्हणजे बोकडावर किंवा काठीवर बसून रात्रीबेरात्री उडायची सवय असलेल्या सुकलेल्या म्हाताऱ्या. केप्लरला विनोदाचं वावडं नव्हतं.

हा विनोद महाग पडला. हस्तलिखित आधीच हातोहात फिरत होतं. १६१५मध्ये केप्लरच्या आईवर, कातारिनावर, चेटकीण असल्याचा आळ आला आणि पुढे १६२० ते १६२१ अशी ती वर्षभराहून जास्त काळ कैदेत होती. केप्लरने स्वतः तिचा बचाव लढवला. ती सुटली, पण काही महिन्यांतच वारली. गोष्टीतल्या जडीबुटीवाल्या आईने अफवांना खतपाणी घातलं, असं त्याचं स्वतःचं मत होतं. त्यानंतर त्याने मूळ गोष्टीला २२३ टिपा जोडल्या, ज्या गोष्टीपेक्षा कितीतरी लांब आहेत. त्यांत तो प्रत्येक चेटकाचा शास्त्रीय खुलासा करतो.

'पुष्पक विमान ही विज्ञानकथा का नाही' असं मला वारंवार विचारलं जातं, त्याचं उत्तर मी केप्लरच्या आत्म्याकडे बोट दाखवून देते. पुष्पक इच्छेने चालतं आणि हवं तिथे जातं. त्याला अडवणारं काही नाही, आणि रामायणाच्या गोष्टीला तशी गरजही नाही. तिथे विमान हे वैभवाचं आणि हक्काचं चिन्ह आहे, कुबेराचं होतं, रावणाने हिसकावलं, शेवटी परत गेलं. केप्लरचं वाहन तर साक्षात भूत आहे, पुष्पकाहून कमी यांत्रिक. पण त्या भुताला वेळापत्रक आहे, अंतर आहे, थंडी आहे, वजनाची अट आहे. विज्ञानकथा यंत्रामुळे होत नाही. 'हे कशामुळे अडेल?' असा प्रश्न लेखक विचारतो आणि उत्तर निसर्गाकडून घेतो, तिथे ती होते.

आपल्या परंपरेत या विचाराच्या जवळ जाणारी कथा विचाराल तर मी संजीवनी विद्येची सांगेन, खाडिलकरांच्या 'विद्याहरण'मुळे मराठी माणसाला चांगली परिचित असलेली. शुक्राचार्यांकडे मेलेल्याला उठवण्याची विद्या आहे, देवांचा कच ती मिळवायला शत्रूच्या घरी शिष्य होऊन येतो. राक्षस त्याला मारून जाळतात, राख मद्यात मिसळून गुरूलाच पाजतात. आता कचाला उठवायचं तर गुरूचं पोट फाटणार, म्हणून पोटातल्या कचालाच आधी विद्या शिकवावी लागते. किती काटेकोर तर्क आहे पाहा! पुढे देवयानीचा शापही तसाच: तुला ही विद्या फळणार नाही. कच म्हणतो, ज्याला शिकवीन त्याला फळेल. ज्ञान व्यक्तीपासून सुटं होऊन हस्तांतरित होतं, ही कल्पना यात आहे. प्रोमिथियसला शेजारी बसवायचा असेल तर भस्मासुराऐवजी कचाला बसवा.

फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नवर फार थांबत नाही. त्याच्यात पुराण बहुतेक देखाव्यापुरतं येतं. 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी'मध्ये समुद्रतळावर पाणबुडीचा कप्तान नेमो प्राध्यापक आरोनॅक्सला बुडालेलं नगर दाखवतो आणि काळ्या दगडावर 'अटलांटिस' असं लिहितो, तो प्रसंग सुंदरच आहे. हाच नेमो 'मिस्टीरियस आयलंड'मध्ये बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार निघतो, १८५७च्या उठावात लढलेला, हे आपल्याकडे अजून बऱ्याच वाचकांना नवल वाटतं.

इंग्रज लेखक एच. जी. वेल्स मात्र वेगळा गडी. तो जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्स्लीचा विद्यार्थी, जीवशास्त्र शिकलेला. नंतर १९३३मध्ये आपल्या शास्त्रीय अद्भुतकथांच्या प्रस्तावनेत त्याने सरळ कबूल केलं की पूर्वीच्या गोष्टींत सैतान किंवा जादूगार भेटायचा, त्याच्याऐवजी मी शास्त्रीय बोलीचा चतुर वापर केला, एवढंच. तुमच्या 'नुसते कपडे' या मताला यापेक्षा मोठा साक्षीदार मिळणार नाही. तरी मी त्याची साक्ष पूर्ण मानत नाही, कारण 'टाइम मशीन' (१८९५) त्याच्याविरुद्ध साक्ष देतं.

प्रवासी इसवी सन ८०२७०१मध्ये गारांच्या वादळात उतरतो आणि त्याला पहिल्यांदा दिसतो तो पंख पसरलेला पांढरा स्फिंक्स. स्फिंक्सचं कोडं आठवत असेल: सकाळी चार पायांवर, दुपारी दोन, संध्याकाळी तीन, असा कोण? ईडिपस उत्तर देतो, माणूस. वेल्सने ते कोडं शब्दांत कुठेही मांडलेलं नाही, पण त्याची सगळी कादंबरी तेच विचारते आणि जुनं उत्तर चालत नाही. माणूस आता एक राहिलेलाच नाही. वर नाजूक, आळशी इलॉय आणि खाली अंधारात यंत्रं चालवणारे, रात्री वर येऊन इलॉयना खाणारे मॉरलॉक. प्रवासी एक तर्क बांधतो, तो कोसळतो, दुसरा बांधतो. ईडिपसला एका वाक्यात जे जमलं ते इथे पुरावे गोळा करत, चुकत चालतं. शिवाय याच्याही हातात आग आहे, काड्यापेटीतली. ती त्याची इलॉय मैत्रीण वीना हिला खेळणं वाटते, मॉरलॉकना आंधळं करते आणि शेवटी अख्खं जंगल पेटवते. त्यातच वीना हरवते.

पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो शेवटाजवळचा भाग. प्रवासी तीन कोटी वर्षं पुढे जातो. सूर्य लाल, फुगलेला, थंडावलेला. पृथ्वीची एकच बाजू त्याच्याकडे वळलेली. किनाऱ्यावर खेकड्यासारखे प्रचंड जीव, मग तेही नाहीत. कल्पान्त आपल्याला ठाऊक आहे, नॉर्स लोकांना रॅग्नारोक, म्हणजे त्यांच्या पुराणातला जगाचा अंत, ठाऊक आहे. पण आपल्याकडे प्रलयानंतर मनूची नाव असते, ब्रह्मदेवाचा पुढचा दिवस असतो. रॅग्नारोकनंतरही समुद्रातून हिरवी धरती वर येते. वेल्सकडे पुढचा दिवस नाही. याचं कारण त्याचा स्वभाव निराशावादी होता एवढंच नाही. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिनने १८६२मध्ये सूर्याच्या उष्णतेचा हिशोब मांडला होता आणि अज्ञात स्रोत नसेल तर ती फार काळ पुरणार नाही, असा निष्कर्ष काढला होता. पृथ्वीची एक बाजू कायम सूर्याकडे राहणं हेही भरती-ओहोटीच्या घर्षणाच्या अभ्यासातून आलेलं. पुढे किरणोत्सर्ग आणि अणुकेंद्रातली ऊर्जा कळल्यावर केल्व्हिनचा हिशोब मोडला, ते वेगळं. प्रलयाची कथा वेल्सने घेतली आणि तिच्यातला पुनर्जन्म उष्मागतिकीने काढून टाकला. हे नुसत्या कपड्यांनी होत नाही, हाडंच बदलावी लागतात.

पुढच्या वर्षीच्या 'डॉक्टर मोरो'ला वेल्सनेच तरुणपणातला ईश्वरनिंदेचा उद्योग म्हटलं आहे. त्यात पशूंपासून बनवलेली माणसं नियमांचा जप करतात आणि त्यांचा देव चाकू घेऊन फिरतो. ते वाचवत नाही, पण वाचा. चेक लेखक कारेल चापेकच्या १९२१मध्ये प्राग इथे रंगमंचावर आलेल्या नाटकात यंत्रमानव माणसांना संपवतात, आणि शेवटी त्यांच्यातल्याच दोघांना प्रेम कळतं, तेव्हा उरलेला एकटा माणूस त्यांना आदम आणि इव्ह म्हणून निरोप देतो. मला हा शेवट कमकुवत वाटतो. साचा बसत नसताना बसवला आहे. मेरी शेलीच्या प्राण्याने शंभर वर्षांपूर्वी तोच साचा लावून पाहून बाजूला ठेवला होता.

मराठीत हे भान सगळ्यात स्पष्ट दिसतं ते जयंत नारळीकरांकडे. 'यक्षांची देणगी', 'वामन परत न आला' ही नावं पाहा. यंत्राचं नाव वामन ठेवलं की वाचक सावध होतो, हा लहान दिसणारा पाहुणा नेमकं किती मागणार आहे? नावातून पुराण आत आलं, त्याने अपेक्षा निर्माण केली, आणि पुढचं काम विज्ञानाने करायचं. उलट, 'आमच्याकडे हे सगळं आधीच होतं' म्हणणारी कथा अपेक्षा निर्माण करते आणि तिथेच थांबते.

वाचायला सुरुवात करायची तर 'फ्रँकेनस्टाईन'चीच करा, पण १८१८ची संहिता घ्या. बाजारातल्या बऱ्याच प्रती १८३१च्या असतात आणि त्या तसं ठळकपणे सांगत नाहीत. ओळखायची सोपी खूण: एलिझाबेथ व्हिक्टरची सख्खी आतेबहीण असेल तर १८१८, कोमो सरोवराजवळच्या गरीब कुटुंबातून आणलेली पोर असेल तर १८३१. दोन्ही मिळाल्या तर बेलरीव्हच्या ओकवर वीज पडते तो प्रसंग ताडून पाहा. जुन्या संहितेत व्हिक्टरचे वडील त्याला विजेचा खुलासा करतात आणि तार लावलेला पतंग उडवून ती ढगांतून खाली आणून दाखवतात, अगदी फ्रँकलिनसारखी. नव्या संहितेत पतंग नाही. पाहुणा आलेला एक विद्वान विजेवर व्याख्यान देतो आणि वडील प्रसंगातून बाजूला होतात. वडिलांनी मुलाला नीट शिकवण्याचा तो एकमेव प्रसंग होता.